फोटोला ‘छान’ म्हणण्याआधी

(बुधवारच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज आम्ही एका फोटोबद्दल बोलणार आहोत. हा विषय ठरला तेव्हा रेकॉर्डिंग करणारी ताई हसलीच. म्हणाली, ‘रेडिओवर फोटो? ऐकणारीला दिसणार कसा?’ प्रश्न रास्त होता. पण गंमत अशी की, याच अडचणीमुळे आम्हाला फोटो नीट बघायची सवय लागली. फोटो समोर असला की माणूस बघतो आणि मोकळा होतो. न दिसणाऱ्या बाईला तो सांगायचा म्हटला, की एकेक गोष्ट डोळ्यांनी टिपून शब्दांत उचलावी लागते. तर आधी तो फोटो सांगतो.

आमच्या गावात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे देवळात काकडा असतो. आठवड्यातले दोन दिवस बायकांच्या भजनी मंडळाकडे. फोटो त्यातल्याच एका पहाटेचा आहे. मधोमध मृदंग घेऊन बसलेल्या मावशी. वय साठीच्या पुढे. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान किंचित डावीकडे झुकलेली. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आलाय. उजवा हात हवेत, तो हललेला, धुरासारखा दिसतो. डावा हात मनगटापाशी तुटलाय, म्हणजे फोटोच्या कडेने कापला गेलाय. जेवढा दिसतो त्याला ओली कणीक लागलेली. उजव्या बाजूने समईचा पिवळा उजेड गालावर येतोय, वरून ट्यूबलाइटचा हिरवट पांढरा. मागे खांब आहे, त्यावर घड्याळ, आणि ते नेमकं मावशींच्या डोक्यावर मुकुटासारखं बसलंय. पाच वाजून वीस मिनिटं झालीत. खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर.

दिसला ना?

हा फोटो काढला आमच्या गटातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा फोटोचा गट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. नऊ जणी आहोत, आठ जणींकडे साधे फोन आणि एकीच्या दिरांनी दिलेला जुना कॅमेरा. महिन्यातून एकदा रेडिओच्या खोलीत बसतो, आपापले फोटो भिंतीवर दाखवतो आणि एकमेकींना चार गोष्टी सांगतो. चार गोष्टी सांगतो म्हणजे आम्हाला तसं वाटायचं.

तो फोटो भिंतीवर आला तेव्हा आम्ही काय काय बोललो ते आता लपवत नाही. पहिली म्हणाली, ‘छान.’ दुसरी म्हणाली, ‘मावशींचं तोंड किती वाकडं आलंय गं!’ त्यावर हशा पिकला. तिसरी म्हणाली, ‘पदर तरी सावरायला सांगायचास.’ आणि आमच्यातल्या एका मोठ्या बाईंनी शेवटचा घाव घातला, ‘अर्धाच हात, तोही पिठाचा. पुसून घ्यायला सांगितलं असतंस तर?’ पोरगी काही बोलली नाही. चहा न पिता गेली. पुढच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीकडून कळलं की त्याच रात्री तिने तो फोटो काढून टाकला आणि आता गटात येणार नाही म्हणते.

आम्हाला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त लाज वाटली ती नंतर. आम्ही चौघींनी मिळून जे बोललो, त्यात फोटोबद्दलचं एकही वाक्य नव्हतं! ‘छान’ हे फोटोबद्दल नव्हे, आपल्या संकोचाबद्दल असतं. ‘तोंड वाकडं’ हे मावशींबद्दल. पदर हा लोक काय म्हणतील याबद्दल. आणि पीठ? ते तर आमच्या अज्ञानाबद्दल. त्याकडे पुढे येतो.

आधी एक कामाची गोष्ट. फोनमधून काढून टाकलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. बहुतेक फोनमध्ये गॅलरीच्या आत कचरापेटी असते आणि तिथे तो काही दिवस, बहुधा महिनाभर, पडून असतो. मुलीच्या घरी जाऊन, माफी मागून, तिच्याच हाताने आम्ही तो परत काढवला. परत येताना दोन फोटो आले. एक आम्ही पाहिलेला आणि एक मूळचा, न कापलेला. तिने आम्हाला दाखवण्याआधी फोटो चौकोनी कापला होता, स्टेटसला ठेवतात तसा. मूळ फोटोत मावशींचा डावा हात पुरता होता. मृदंगाची डावी पुडी होती, तिच्यावर थापलेली कणीक होती, शेजारी पाण्याची वाटीही होती. मग हे कापलंस का? तर म्हणाली, ‘ते घाण दिसेल असं वाटलं.’

इथे मृदंग माहीत नसणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगायला हवं. पखवाज म्हणा, आपल्या वारकऱ्यांच्या तोंडी मृदंग म्हणा, त्याच्या उजव्या पुडीवर काळी शाई असते, कायमची बसवलेली. डाव्या पुडीवर मात्र वाजवायच्या वेळी ओली कणीक थापतात. त्या वजनाने डाव्या बाजूचा आवाज खाली उतरतो, भरदार, घुमणारा होतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. आपण पोळीसाठी भिजवतो तीच कणीक. काही जणी थोडी सैल ठेवतात, कमीजास्त करून आवाज जुळवतात. तेव्हा वाजवणारीच्या डाव्या तळव्याला कणीक लागणारच. तिच्यावाचून मृदंग बोलत नाही. आणि आम्ही सांगत होतो, पुसून घ्यायचं! तबलजीला बोटांना पावडर का लावलीस, असं विचारण्यातलाच प्रकार.

वादकाच्या फोटोवर मत द्यायचं तर त्या वाद्याबद्दल चार शब्द तरी माहीत हवेत, नाहीतर विचारून घ्यावेत, हे आम्ही तिथे शिकलो. बासरीवाल्याचे ओठ, सनईवाल्याचे फुगलेले गाल, सारंगीवाल्याची नखं. सारंगीच्या तारा बोटांच्या पेरांनी नाही, नखांच्या मुळाशी दाबतात, म्हणून तिथे घट्टे पडतात. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणणार, हात किती खराब दिसतोय. ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, हातावरच जास्त उजेड हवा होता.

मग आम्ही तोच फोटो, मूळचा, पुन्हा भिंतीवर लावला आणि पुन्हा बसलो. या वेळी काही गोष्टी ठरवून.

पहिलं मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मिनिट म्हणजे किती मोठं असतं ते करून बघा. पहिल्या दहा सेकंदांत चेहरा दिसतो. मग हात. मग मागचं घड्याळ. चाळिसाव्या सेकंदाला एकीला दिसलं की मागे बसलेली टाळकरी बाई मावशींकडे बघतेय आणि तिचे टाळ अजून मिटायचेत. म्हणजे ती ठेक्यासाठी मावशींवर अवलंबून आहे. आधीच्या चौकोनी फोटोत ती जवळजवळ कापलीच गेली होती.

मग जिला जे दिसतं ते सांगायचं, चांगलं-वाईट न म्हणता. ‘उजवा हात हललेला आहे.’ ‘घड्याळ डोक्याला चिकटलंय.’ ‘गालावर दोन रंगांचे उजेड आहेत.’ एवढंच. फोटो काढणारीने तोवर गप्प बसायचं. हे तिला फार जड जातं, पण त्याचा उपयोग आहे. आपण फोटोत जे ठेवलं असं आपल्याला वाटतं, ते लोकांना दिसतं की नाही हे तिला तेव्हाच कळतं. ती आधीच बोलली, तर आम्ही तिचं बोलणं बघणार, फोटो नाही.

त्यानंतर तिला विचारायचं, तुला काय टिपायचं होतं? हा प्रश्न आम्ही पहिल्या वेळी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, ‘मावशी एरवी किती हळू बोलतात. मृदंगावर बसल्या की वेगळ्याच बाई होतात. ती बाई मला हवी होती.’

बस. आता मोजपट्टी मिळाली. यापुढे प्रत्येक सूचना या एका वाक्याला लावून बघायची. वाकडं म्हणून हसलो तो चेहरा हीच ती वेगळी बाई. पदर घसरला तोही त्याच पायी. काकड्याच्या भरात पदर डोक्यावर राहिला असता, तर मावशी वाजवत होत्या की फोटोसाठी बसल्या होत्या, असा प्रश्न पडला असता.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचं तोंड हा वेगळाच विषय आहे. भीमसेन जोशी गाताना काय काय हातवारे करायचे, चेहरा कसा पिळवटायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी वर्षानुवर्षं मैफलींमध्ये काढलेले फोटो बघा, किंवा रघु राय यांनी आपल्या मोठमोठ्या गायक-वादकांचे काढलेले बघा. त्यात लग्नाच्या अल्बमसारखा हसरा चेहरा क्वचितच सापडतो. सूर लावताना माणूस देखणा दिसायला मोकळा नसतो. आपण मात्र बाईच्या फोटोला पहिला प्रश्न हाच विचारतो की ती दिसते कशी. गायकबुवांचं उघडं तोंड म्हणजे तल्लीनता आणि मावशींचं म्हणजे वाकडं! हा हिशेब आमच्याही डोक्यात होता, हे कबूल करायला हवं.

आणि चेहरा हवाच असंही नाही बरं का. यूसुफ कार्श नावाचे कॅनडातले फोटोग्राफर होते, मोठमोठ्या माणसांचे चेहरे टिपण्यात त्यांची हयात गेली. १९५४ मध्ये ते फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्राद गावी पाब्लो कासाल्स या चेलोवादकाचा फोटो काढायला गेले. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, पण माणसाच्या छातीपर्यंत येणारं, खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं वाद्य. कासाल्स स्पेन सोडून आलेले, तिथल्या हुकूमशाहीला विरोध म्हणून परत न जाणारे. जुन्या मठातल्या अंधाऱ्या खोलीत ते वाजवू लागले आणि कार्शनी त्यांचा फोटो चक्क पाठीमागून काढला. रिकामी दगडी भिंत, वर उंचावर एक लहान खिडकी, आणि खाली पाठमोरा, टक्कल पडलेला, वाद्यावर वाकलेला माणूस. चेहरा नाहीच. तरी तो कार्शच्या गाजलेल्या फोटोंपैकी एक आहे. आमच्या गटात हा फोटो दाखवला तेव्हा एक जण म्हणाली, ‘देवळात आमच्याकडेही पाठच करून बसतात सगळे!’ खरंच आहे. पुढे जाऊन चेहऱ्यासाठी धडपडण्यापेक्षा मागे बसून काय दिसतं ते बघायला हरकत नाही.

आता मुलीच्या फोटोतल्या एकेका गोष्टीवर आम्ही काय बोललो ते सांगतो. सूचना करताना आम्ही एक पथ्य पाळलं. जे आता घरबसल्या सुधारता येतं ते आधी, जे पुढच्या वेळी करता येईल ते नंतर. आणि जे कधीच बदलणार नाही त्याबद्दल बोलायचंच नाही. देवळाचा खांब हलत नाही. ‘खांब नसता तर’ म्हणून काय उपयोग? ‘दोन हात डावीकडे सरकून बसली असतीस तर घड्याळ डोक्यावरून बाजूला गेलं असतं’ हे उपयोगाचं.

कापणं. हा फोटो कापायचा नाही, एवढं सगळ्यांनी मान्य केलं. फक्त खालून थोडा, म्हणजे ते परकं कोपर जाईल. फोटोची कड माणसाच्या सांध्यावर आणू नये, असं जाणकार सांगतात. मनगट, कोपर, गुडघा इथे कापलं की हात तुटल्यासारखा वाटतो. कापायचंच तर दोन सांध्यांच्या मध्ये कापावं. पण वादकाच्या बाबतीत त्याआधीचा नियम असा की, वाजवणारा हात आणि वाद्याची वाजणारी जागा फोटोतून जाऊ द्यायची नाही. उरलेलं वाद्य थोडं गेलं तरी चालेल. याला अपवादही आहेतच. अमेरिकेतल्या अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्की यांचा फोटो काढला. त्यात जवळजवळ सगळी जागा पियानोच्या उघड्या झाकणाने खाल्लीय. संगीतकार बिचारे डाव्या कोपऱ्यात, डोक्याला हात लावून, लहानसे. पट्ट्या नीट दिसतही नाहीत. न्यूमननी मूळ फोटो बराच कापून तो आकार मिळवला. पण त्यांना त्या झाकणाचा काळा आकारच हवा होता. काय हवंय ते ठाऊक असलं की कापणं हे शिवणाच्या कापासारखं होतं. आमच्या पोरीने मात्र लाजेपोटी कापलं होतं.

हललेला हात. आमच्यातल्या दोघींना तो दोष वाटला. मग आम्ही फोटो मोठा करून पापण्या पाहिल्या. पापण्या स्पष्ट होत्या, केस न् केस मोजावा अशा. चेहरा स्थिर आणि हात वेगात, म्हणजे मृदंग चालू आहे हे डोळ्यांना ऐकू येतं. हेच उलटं असतं, हात स्पष्ट आणि डोळे पुसट, तर मात्र फोटो बाजूला ठेवावा लागला असता. थोडं तंत्रही सांगतो. कमी उजेडात फोन आपलं दार जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा पंधरावा किंवा तिसावा भाग वगैरे. तेवढ्यात हात हलतोच. दार सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतंच उघडलं, तर हात पुष्कळदा गोठलेला मिळतो, पण मग उजेड भरपूर लागतो, किंवा फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. रात्रीसाठी फोनमध्ये जो नाइट मोड असतो तो वादकांसाठी बंद ठेवा. तो एकामागून एक पुष्कळ फोटो घेऊन त्यांचा एक करतो. देऊळ सुरेख येतं, हलणारी माणसं मात्र पिठल्यासारखी एकमेकांत मिसळतात.

दोन रंगांचे उजेड. यावर खरी भांडाभांडी झाली. एक जण म्हणाली, सरळ काळा-पांढरा करून टाक, रंगाची कटकटच मिटेल. काळा-पांढरा फोटो गंभीर दिसतो, कलाकारांचे पूर्वीचे फोटो तसेच पाहिलेले असतात, म्हणून त्याचा मोह होतो. आमचं मत विचाराल तर, बिघडलेल्या भाजीत वरून साखर घालण्यातला हा प्रकार होऊ नये. या फोटोत समईचा पिवळा रंग म्हणजे पहाट आहे. तो घालवला तर दुपारच दिसेल. शेवटी मुलीने फोनमध्येच रंगाची पट्टी किंचित उबेकडे सरकवली, हिरवट झाक कमी केली, वरचा उजेड थोडा मंद केला. दोन मिनिटांचं काम. काळा-पांढराही करून पाहिला. त्यात कणीक आणि पांढरे केस एकाच रंगाचे झाले. तो वादही मिटला.

घड्याळ. फोनमध्ये आता नको ती वस्तू बोटाने पुसून टाकायची सोय आली आहे. एकीने लगेच पुसून दाखवलं. खांब गुळगुळीत. पण मावशींच्या केसांची एक बट पण गेली. आम्ही बराच वेळ बोललो. सहज टिपलेल्या फोटोत उजेड-अंधार कमीजास्त करावा, पण होतं ते नाहीसं करू नये आणि नव्हतं ते आणू नये, असं आमच्यातल्या बहुतेकींना वाटतं. सगळ्यांना नाही. घड्याळ ठेवलं, फक्त जरा अंधारात ढकललं. पाच वीस वाजले होते, ते खोटं थोडंच आहे?

पुढच्या वेळेसाठीच्या गोष्टी अगदी थोड्या सांगितल्या, कारण एका बैठकीत दहा सूचना दिल्या की माणूस एकही नेत नाही. पहिली, बसायची जागा काकडा सुरू होण्याआधी ठरव. समई जिकडे, त्याच्या थोडं तिरपं बस. उजेड गालावर येईल आणि मागे काय आहे तेही आधीच दिसेल. दुसरी, जवळ जाऊन फोन नाकाशी धरू नकोस. फोनची नेहमीची काच रुंद बघते, जवळून नाक मोठं आणि कान लहान दाखवते. दोन पावलं मागे ये, आणि फोनला दुपटीची वेगळी काच असेल तर ती वापर. नुसतं बोटांनी चिमटून मोठं केलं तर तपशील विरतो. तिसरी आमच्या भजनी बायकांनी सांगितली आणि ती सगळ्यात मोलाची. सम ओळख. समेवर येताना वादक, गायक, टाळकरी सगळे एका जागी येतात, माना हलतात, चेहरे उजळतात. समेवर बटण दाबलं तर उशीर होतो, अर्धी मात्रा आधी दाबायचं. म्हणजे फोटो काढणारीनेही ठेक्यात बसायला हवं. फ्लॅशचं तर नावच नको. मिटलेल्या डोळ्यांसमोर वीज चमकली की ठेका हलतो, आणि बाकीच्यांची समाधी मोडते ती वेगळीच.

आणि पोर्ट्रेट मोड. मागचं सगळं पुसट करून माणूस उठावदार करणारा. तो यंत्राचा अंदाज असतो. मृदंगाच्या वाद्या, वीणेच्या तारा, मोकळे केस अशा बारीक गोष्टींत तो हमखास चुकतो. आमच्याकडच्या एका फोटोत विणेकऱ्याची वीणा मध्येच हवेत विरून गेली होती!

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. सहज टिपलेला फोटो म्हणजे काय? नकळत काढलेला. पण नकळत आणि चोरून यांत फरक आहे. क्षण नकळत टिपावा, पण तो लोकांसमोर ठेवायचा की नाही हे त्या माणसाला विचारूनच. आमच्या मुलीने मावशींना विचारलंच नव्हतं आणि आम्ही नऊ जणी त्यांच्या तोंडावरून, पदरावरून मतं देत बसलो होतो. हा फोटो भजनी मंडळाच्या छोट्या प्रदर्शनात लावायचा विचार होता, ग्रामपंचायतीच्या सभागृहात. सगळं गाव येणार. मावशींच्या घरचेही येणार. पदर घसरलेला फोटो पाहून घरात काय होईल, हे बाहेरून ठरवणाऱ्या आम्ही कोण? फोटो कितीही चांगला असो, त्यांनी ‘नको’ म्हटलं असतं तर तो मुलीच्या फोनमध्येच राहिला असता. हे तिला आधी सांगितलं. ती ‘हो’ म्हणाली, पण चेहरा पडला होता.

फोटोखाली नाव कुणाचं, हाही प्रश्न निघाला. एकीने सुचवलं, खाली मंडळाचं नाव घालू. मग होमाई व्यारावाला यांची आठवण निघाली. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले होते, कारण त्या अनोळखी होत्या आणि बाई होत्या. तेव्हा ठरलं, फोटोखाली मुलीचं नाव येणार, आणि त्याच आकारात मावशींचंही. नुसतं ‘भजनात तल्लीन महिला’ नाही.

मुलगी आणि आमच्यातल्या दोघी मावशींकडे गेलो. संध्याकाळची वेळ, मावशी शेंगा फोडत होत्या. फोटो मोठ्या कागदावर छापून नेला होता. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला. आम्ही श्वास रोखून. आम्हाला वाटलं, आता पदराचं बोलतील.

म्हणाल्या, ‘हा क-चा हात आहे.’

आम्हाला कळेना. त्यांनी डाव्या तळव्यावर बोट ठेवलं. कणकेवर पंजा सपाट दाबून मारला की ‘क’ वाजतो, बंद, न घुमणारा. फोटोतला हात तसाच दाबलेला आहे. मग उजव्या पुसट हाताकडे बघून तोंडाने बोल म्हणत म्हणत त्यांनी कुठला तुकडा चालला होता तेही सांगितलं. पुढे म्हणाल्या, ‘आणि त्या दिवशी पुडी उतरली होती बघ. थंडी पडली होती. गठ्ठे ठोकायला पाहिजे होते, मी तशीच बसले.’ मृदंगाच्या अंगाला वाद्यांखाली जे लाकडाचे ठोकळे असतात ते गठ्ठे, ते ठोकून पुडी ताणतात आणि सूर चढवतात. आम्ही त्या फोटोसमोर दोन वेळा बसलो होतो, मिनिटभर मौन पाळून. गठ्ठे आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते.

मग मुलीने विचारलं, ‘पण मावशी, लावायचा का? पदर...’

‘पदराचं काय?’ मावशी म्हणाल्या. ‘मृदंग घेऊन बसायला लागले त्याला वीस-बावीस वर्षं झाली. माझे जेवढे फोटो आहेत ना घरात, सगळ्यांत हात मांडीवर आहेत.’ आणि पुन्हा फोटोकडे वळून, ‘लाव. पण लावशील तिथे उंच नको लावू. माझ्या सुनेला हात दाखवायचाय. ती आता डावा शिकतेय, पंजा उचलतेच लवकर.’

फोटो त्याप्रमाणे हाताच्या उंचीवर लावला आहे. प्रदर्शन या महिनाअखेरपर्यंत आहे, सकाळी दहा ते पाच. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, रेडिओच्याच खोलीत. आपला एक फोटो आणा, आणि तो कापला असेल तर न कापलेलाही सोबत आणा.